गुळाची बाधा

शेजारच्या मासीनं आमच्याकडे डाळ मागायला सुरुवात केली ते वर्ष मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी माझ्या पोटातलं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं. दुपारी बाराच्या सुमारास ती आपली पितळेची वाटी घेऊन दारात उभी राहायची आणि म्हणायची, "एक वाटकी दाळ आपो ने."

आमची डाळ म्हणजे खानदेशी डाळ. तुरीची, घट्ट, वर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. तिच्यात गुळाचा खडा टाकला तर माझे सासरे ताट सरकवून उठले असते. मासी पक्की सुरती. गुळाशिवाय डाळ म्हणजे तिच्या लेखी आजाऱ्याचं खाणं. आधी एकदा तिनं आमच्याकडची डाळ चाखली होती आणि ठसका लागून डोळे पुसत विचारलं होतं, "आ दाळ छे के दवा?" आणि आता तीच बाई रोज वाटी घेऊन यायची. सासूबाईंना वाटलं, आपल्या हाताची चव शेवटी हिला कळली. त्या खूश झाल्या. मलाही यात काही विचारण्यासारखं वाटलं नाही.

लग्न करून मी तापीकाठच्या गावातून आगगाडीनं सुरतेला आले. आमच्या गावावरून वाहणारी तापीच पुढे सुरतेला येते, त्यामुळे माहेर सोडल्यासारखं मला पहिली काही वर्षं वाटतच नव्हतं. लिंबायतकडे तेव्हा वस्ती नुकती वाढत होती. एका ओळीत सहा खोल्या होत्या. पाच खोल्यांत आम्ही खानदेशी आणि टोकाच्या खोलीत मासीचं कुटुंब. आमचे हे लूमवर कामाला होते, मासीचा नवरा कतारगामला जरीच्या कारखान्यात. मासी स्वतः घरी बसून जरीच्या फिरक्या भरायची. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, तीन मुलांची आई, आणि तोंडाची अशी फटकळ की शिवी दिल्याशिवाय तिला माया करताच यायची नाही. नळावर माझी कळशी कुणी मागे सारली तर भांडायला तीच उभी राहायची.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नाही. गावाकडून निरोप यायचे, अंगारे यायचे, एकदा एक मुळी आली ती मी उगाळून प्यायले आणि दोन दिवस ओकत होते. शेवटी यांनीच ठरवलं की शहरातल्या डॉक्टरणीकडे जायचं. डॉक्टरीणबाई कमी बोलायच्या पण हात हळुवार होता. त्यांनी मला एक थर्मामीटर आणि चौकटींचा कागद दिला. रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, तोंडातून शब्द काढायच्या आधी, जिभेखाली थर्मामीटर धरायचा आणि आकडा कागदावर टिंब देऊन मांडायचा; त्यावरून दिवस राहण्याचा काळ कळतो म्हणे. सासूबाई घाबरल्या. सुनेला रोज सकाळी ताप येतो की काय, असं त्यांना वाटलं. यांनी मात्र कागद उजेडात धरून पाहिला. लूमवर नक्षीचा कागद असाच चौकटींचा असतो. "हे आपलंच काम आहे," हे म्हणाले, "टिंबं जुळली की नक्षी उठेल." महिनाअखेर टिंबांची रेघ कशी चढली हे मी पाहायच्या आत हेच पाहायचे.

यांनाही तपासायचं आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा आठ दिवस यांनी दवाखान्याचं नाव काढलं नाही. नवव्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून निघाले. त्या काळात लूमवरच्या माणसानं असं जाणं ही साधी गोष्ट नव्हती. परत आल्यावर पाणी प्यायले, आणि मला त्यांची इतकी माया वाटली की मी स्वयंपाकाच्या निमित्तानं पाठ फिरवली.

माझी एक तपासणी अशी झाली की गर्भपिशवीत नळीतून हवा सोडून वाट मोकळी आहे का ते पाहिलं. हवा सोडली पोटात आणि दुखायला लागला खांदा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे, म्हणजे वाट मोकळी आहे. घरी सासूबाई खांद्याला तेल चोळत पुटपुटत होत्या, "काय व माय हाऊ इलाज! दुखनं पोटनं अन् रडस खांदा!" त्यावर आम्ही दोघी हसत सुटलो. सासूबाईंनी मला कधी वांझ म्हटलं नाही. हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा राग आला तरी त्यांना वाईट म्हणता येणार नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी मला दिवस राहिले, आणि तिसऱ्या महिन्यात मूल गेलं. त्या वेळी मला कुणी नीट सांगितलं नाही की असं होतं. बायका म्हणाल्या, अजून वय आहे, होईल. मला "होईल" नको होतं, मला गेलेलं हवं होतं. मासी जरीची रिळं उचलून माझ्या खोलीत आली आणि चार दिवस माझ्या अंथरुणापाशी बसून फिरक्या भरत राहिली. पाचव्या दिवशी वाटी घेऊन डाळ मागायला आली.

दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि श्रावण आला. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांचे, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मुठी मोजून घ्यायचे, अशी आमच्या घरची रीत. सासऱ्यांची मूठ झाली, यांची झाली, दिरांची झाली, आणि सासूबाईंनी हळूच आणखी एक मूठ सुपात टाकली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला तेव्हा अडीच महिने झाले होते. ती मूठ पाहून माझ्या पोटात जे झालं त्याला मी आनंदच म्हणेन.

रोट भाऊबंदांपुरते असतात, बाहेर देत नाहीत. पण पुरणपोळीचं ताट शेजारी द्यायला हरकत नव्हती. सासूबाई स्वतः ताट घेऊन मासीकडे गेल्या आणि तसंच भरलेलं ताट घेऊन परत आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"देखं का? परसाद लिधा नही तिनी," त्या म्हणाल्या. "हात जोडी सांगस, माले गूळनी बाधा शे. वहु करता ठेयेल शे, आसं सांगस. हासी हासी सांगस!"

वहु म्हणजे सून. म्हणजे मी. मासीनं हसत हसत सांगितलं होतं की मला गुळाची बाधा आहे आणि ती मी तुमच्या सुनेसाठी ठेवली आहे.

आता मराठी माणसाला बाधा म्हटल्यावर काय ऐकू येणार? बाधा होते ती भुताची, नजरेची, विषाची. सासूबाईंनी ऐकलं ते असं, की देवीचा प्रसाद या बाईला सोसत नाही, आणि हिनं माझ्या सुनेसाठी काहीतरी करून ठेवलंय. आमच्या बाजूला असल्या बाईला डाकीण म्हणतात. रोज आमच्या घरचं अन्न ती का मागून नेते, याचाही सासूबाईंना त्याच घटकेला उलगडा झाला. "तिना दारमा पाय ठेवानं नही आते," त्यांनी मला बजावलं.

मी हसले. म्हटलं, माय, तुमच्या ऐकण्यात काहीतरी चुकलंय. पण मी उठून विचारायला गेले नाही. गुजरातीतला एखादा नवा शब्द आला की आम्ही लगेच त्याचा अर्थ विचारायचो. हा शब्द आम्हाला माहीत होता, म्हणून कुणीच विचारला नाही.

चार आठवड्यांनी तेही मूल गेलं. मग मला हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मासी कढी-भात घेऊन आली. सासूबाई नळावर होत्या, नाहीतर तिला उंबरठ्यावरूनच घालवली असती. घालवायचं काम मग मीच केलं. पडल्या पडल्या, तिच्याच भाषेत, तिच्या तोंडावर मी म्हटलं, "तमारी बाधाथी आ थयुं." तुमच्या बाधेमुळे हे झालं.

मासीनं ताट जमिनीवर ठेवलं. ती एवढी भांडखोर बाई, पण आवाज चढवला नाही. खाली बघत म्हणाली, "मारी बाधामां ज खोट रही हशे." माझ्या बाधेतच काही खोट राहिली असेल. आणि गेली.

मी ते कबुलीजबाब म्हणून ऐकलं. आठ महिने तिच्याशी बोलले नाही. नळावर ती आली की मी कळशी उचलायचे. तिच्या मुलांनी हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करायचे. दुःखात माणूस मऊ होतं म्हणतात, मी झाले नाही. मला कुणाचा तरी राग करायला मिळाला होता आणि तो मी पोटाशी धरून बसले होते, कारण पोटाशी धरायला दुसरं काही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात पिशवी साफ करण्यासाठी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. बाकावर माझ्या शेजारी दोघी गुजराती नणंद-भावजय बसल्या होत्या. नंबर यायला वेळ होता. माझ्याकडे चिक्की होती, ती मी त्यांच्यापुढे धरली. नणंदेनं घेतली. भावजयीनं हात जोडले आणि हसत म्हणाली, "ना बेन, मारे गोळनी बाधा छे."

तेच शब्द. तसेच जोडलेले हात. मी बाकाच्या टोकाला सरकले. तिनं पाहिलं आणि नणंदेकडे बोट करून समजावलं, "आना माटे राखी छे. एने घेर घोडियुं बंधाय त्यारे छूटशे." हिच्यासाठी ठेवली आहे, हिच्या घरी पाळणा बांधला जाईल तेव्हा सुटेल. नणंद लाजून चिक्की चावत होती.

मी वळून तिथल्या आयाबाईंना विचारलं. त्या आपल्या मराठीच होत्या. "अहो, बाधा म्हणजे काय म्हणतात ह्या?"

"नवस हो बाई," त्या फडकं पिळत म्हणाल्या. "इकडे नवसाला बाधा म्हणतात. आवडीचं काहीतरी सोडायचं, मनातलं होईपर्यंत."

त्या दिवशी टेबलावर काय झालं ते मला आठवत नाही. घरी आल्यावर मी आमच्या दारात न थांबता टोकाच्या खोलीत गेले. मासी फिरकी भरत होती. मला पाहून उठायलाही विसरली.

"केव्हापासून?" मी विचारलं. मराठीतच विचारलं.

तिला कळलं. "पहेला वखतथी," ती म्हणाली. पहिलं गेलं तेव्हापासून. घरातल्या सगळ्यांची डाळ गुळाची. एका जिवासाठी दुसरं भांडं कुठे चढवायचं? तुमच्याकडे बिनगुळाची तिखट तयार असायची, म्हणून मागायची. तुझ्या सासूला सांगितलं होतं की मी.

आणि आठ महिने? आठ महिने ती कोरडी भाकरी मिरचीशी खात होती. तिला वाटलं, आमचा राग बरोबर आहे. तिचा नवस कमी पडला म्हणून मूल गेलं. मी तिच्या तोंडावर तसंच म्हटलं होतं ना! म्हणून तिनं बाधा वाढवली होती. गुळाबरोबर साखरही सोडली होती. चुलीशेजारी तिचा काळा, बिनसाखरेचा चहा निवत पडला होता.

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं मला एक सणसणीत सुरती शिवी दिली, ती इथे लिहिता येणार नाही, आणि जवळ ओढलं.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या कितीतरी वेळ तांदूळ निवडत बसल्या. एकही खडा सापडत नव्हता तरी निवडत होत्या. दुसऱ्या दिवशी बाराला मी वाटी घ्यायला उठले तर त्या अख्खं पातेलं घेऊन निघाल्या होत्या. मासीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्हनी बाधा म्हंजे आम्हना नवस, हाई माले काय माहीत? मन्ही चूक व्हयनी, बाई. ले, डाय खाय. गूळ नही टाकेल." मासीला त्यातलं निम्मंच कळलं असेल. तिनं पातेलं घेतलं.

पुढची सहा-सात वर्षं गोळ्यांत, टिंबांत आणि वाट पाहण्यात गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि मला झोपवून ठेवलं. रोज मासी माझी वेणी घालायची. पाचव्या महिन्यात टाकाही धरला नाही. मुलगी होती. मी विचारलं म्हणून नर्सनं सांगितलं, नाहीतर तेही कळलं नसतं.

त्यानंतर मी देवापुढे दिवा लावणं सोडलं. देव आहे की नाही याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. असला तर त्यानं माझ्याशी बोलू नये, एवढंच. संध्याकाळी सासूबाई स्वतः उठून दिवा लावायच्या, आणि मी भाकरी थापत असले तर नमस्कार करताना एकदा माझ्याही वाटचा करायच्या. मला ते दिसायचं.

डॉक्टरीणबाईंनी मग एके दिवशी यांना आणि मला समोर बसवून सांगितलं की आता पुरे, पुढच्या वेळी तुमच्या जिवावर बेतेल. हे घरी आले, चौकटींचे सगळे कागद सारखे करून घडी घातली आणि ट्रंकेत तळाशी ठेवले. आम्ही दोघांनी ते कुणालाच सांगितलं नाही. यांनी का सांगितलं नाही ते मला माहीत नाही. माझं कारण मासी होती. पाळणा बांधला की सुटणार अशी तिची बाधा. पाळणा बांधलाच जाणार नसेल, तर ती मरेपर्यंत सुटणार नव्हती. पण तिला सोड म्हणायचं तर आधी मला ते वाक्य तोंडानं म्हणावं लागणार होतं. मला आता मूल होणार नाही. मी ते एकटीनं, भिंतीकडे तोंड करूनही म्हणून पाहिलं होतं. जमलं नव्हतं.

कानबाई आली. सासूबाईंनी सूप पुढे ओढलं. सासऱ्यांची मूठ, यांची मूठ, दिरांची, दिरांच्या मुलांची. मग नेहमीप्रमाणे त्यांनी आणखी एक मूठ भरली. एवढी वर्षं त्यांनी ती चुकवली नव्हती, माझ्या रिकाम्या वर्षांतसुद्धा. या खेपेला मूठ सुपावर आली आणि मी त्यांचा हात धरला.

"नको, माय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आता व्हवाव नही," मी म्हटलं. आता होणार नाही.

त्यांनी मूठ उघडली नाही, मिटूनच छातीशी धरली. आम्ही दोघी सुपाच्या दोन बाजूंना बसून रडलो, गहू भिजू नयेत म्हणून सूप मध्ये तिरकं सरकवून. मग त्यांनी ती मूठ पोत्यात परत टाकली, पदरानं तोंड पुसलं आणि डब्यातून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. "जाय," त्या म्हणाल्या. "तिले आते सोडाव."

मासी फिरक्या भरत होती. मी खडा तिच्या तोंडापाशी नेला. तिनं मान वळवली, "अरे, बाधा छे."

"ज्याच्यासाठी ठेवली ते येणार नाही, मासी. डॉक्टरीणबाईंनी नाही म्हणून सांगितलंय."

"एम न बोल. हुं राखीश." असं बोलू नकोस. मी ठेवीन.

"मी सांगते ना. माझ्यासाठीच ठेवलीस ना? मग मीच म्हणते, सोड."

"तुं कहे छे?"

"हो. मी."

तिनं माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं की मला वाटलं, मी खोटं बोलत असते तर तिनं तिथेच पकडलं असतं. मग तिनं तोंड उघडलं. खडा जिभेवर ठेवून ती डोळे मिटून बसली, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. "बहु गळ्युं लागे छे," ती म्हणाली. फार गोड लागतंय.

माझ्या मुलांची नावं कुणी ठेवली नाहीत. घरात त्यांची एक वस्तू नाही. पण सुरतेतल्या एका बाईनं त्यांच्यासाठी नऊ वर्षं गूळ खाल्ला नव्हता. कुणी विचारलं की तुला मूलबाळ, तर मी नाही म्हणते, आणि दर वेळी मला तो गूळ आठवतो.

दुसऱ्या दिवशी मासीनं हौसेनं गुळाची डाळ केली. तिची थोरली मुलगी नंतर सांगत होती, आई दोन घास खाऊन उठली, तिला ती जाईना. बारा वाजता ती पितळेची वाटी घेऊन आमच्या दारात उभी.

"एक वाटकी दाळ आपो ने."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मासीकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. "लागनी ना!" त्या मला म्हणाल्या. "तिले आते आम्हनी बाधा लागनी."

मी उठून वाटी भरून दिली.